मोटार शर्यतींतील संघादेश आणि संघसहकाऱ्यांमधील स्पर्धा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

२९ मार्च २००४ रोजी मुलतान येथील कसोटी सामन्यात सचिन तेंडुलकर १९४ धावांवर नाबाद असताना प्रभारी कर्णधार राहुल द्रविड याने भारताचा डाव ५ बाद ६७५ धावांवर घोषित केला. द्विशतकाला केवळ सहा धावा उणे होत्या. भारताने तो सामना एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. तथापि त्या निर्णयाविषयीची चर्चा विजयाने थांबली नाही. तेंडुलकरने स्वतःची नाराजी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातही नमूद केली. संघाचे हित आणि व्यक्तीचे श्रेय यांचा असा संघर्ष क्रिकेटमध्ये क्वचित उद्‌भवतो. मोटार शर्यतींच्या क्षेत्रात मात्र तो अपवाद नसून खेळाच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

एका संघाच्या दोन चालकांपैकी कोणी पुढे राहावे, कोणी वाट द्यावी, याविषयी संघव्यवस्थापनाने दिलेल्या सूचनेला ‘टीम ऑर्डर’ म्हणजेच संघादेश असे म्हटले जाते. असा आदेश म्हणजे प्रेक्षकांची फसवणूक, असा एक पक्ष आहे; गाडी, इंधन, तंत्रज्ञ आणि पैसा संघाचा असल्याने आदेश देण्याचा अधिकारही संघाचाच, असा दुसरा पक्ष आहे. प्रस्तुत निबंधात १९५६ ते २०२५ या कालखंडातील निवडक घटनांच्या आधारे या वादाचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, भारताशी आणि विशेषतः मुंबईशी संबंधित उदाहरणांचाही विचार केला आहे. आदेश असावा की नसावा, यापेक्षा तो केव्हा ठरला, दोघांना सारखाच लागू होता काय आणि तो उघडपणे दिला गेला काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत, असे या आढाव्यातून दिसून येते.

एक शर्यत, दोन अजिंक्यपदे

फॉर्म्युला वन शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद १९५० मध्ये सुरू झाले. प्रारंभी ते केवळ चालकांसाठी होते. १९५८ पासून गाडी बांधणाऱ्या संघांसाठी स्वतंत्र अजिंक्यपद सुरू झाले आणि त्याचा पहिला मान व्हॅनवॉल या ब्रिटिश संघाला मिळाला. तेव्हापासून एकाच शर्यतीत दोन वेगवेगळे हिशेब मांडले जातात. पहिला आणि दुसरा क्रमांक आपल्याच दोन गाड्यांना मिळाला, तर त्यांतील कोणती पुढे होती याने संघाच्या गुणसंख्येत काहीच फरक पडत नाही; चालकाच्या दृष्टीने मात्र तोच फरक सर्वस्व असतो. उलटपक्षी, त्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर संघाचे दुहेरी नुकसान होते.

याला दुसरी बाजूही आहे. निरनिराळ्या संघांच्या गाड्यांची क्षमता सारखी नसते. त्यामुळे चालकाच्या कौशल्याची तुलना करावयाची झाल्यास तशीच गाडी चालविणारा एकच माणूस उपलब्ध असतो, तो म्हणजे त्याचा संघसहकारी. परिणामी, ज्याच्याशी सहकार्य करणे अपेक्षित असते तोच चालकाचा पहिला प्रतिस्पर्धी ठरतो. पुढील बहुतेक घटनांचे मूळ या विसंगतीत आहे.

स्वेच्छेचा काळ : मोंझा, १९५६

सुरुवातीच्या काळात नियमांनीच संघादेशाला वाव दिला होता. एका चालकाची गाडी बिघडल्यास त्याने सहकाऱ्याची गाडी घेऊन शर्यत पूर्ण करावी आणि दोघांनी गुण वाटून घ्यावेत, अशी मुभा होती. १९५६ च्या मोसमाच्या आरंभी अर्जेंटिनातील शर्यतीत फेरारी संघाच्या हुआन मॅन्युएल फॅन्जिओने लुईजी मुस्सो याची गाडी घेऊन विजय मिळविला आणि तो दोघांच्या नावे नोंदला गेला.

त्याच मोसमाची अखेरची शर्यत इटलीत मोंझा येथे झाली. फॅन्जिओची गाडी बिघडली. मुस्सोने या वेळी आपली गाडी दिली नाही. त्यानंतर पीटर कॉलिन्स हा २४ वर्षांचा इंग्लिश चालक थांबला आणि त्याने आपली गाडी फॅन्जिओच्या स्वाधीन केली. वस्तुतः कॉलिन्सला स्वतःला अजिंक्यपद मिळण्याची शक्यता गणिताच्या दृष्टीने शिल्लक होती. फॅन्जिओने त्या गाडीतून दुसरा क्रमांक मिळविला आणि तो जगज्जेता झाला. कॉलिन्सचे हे कृत्य खिलाडूपणाचा आदर्श म्हणून आजही सांगितले जाते. त्याच्यापुढे मोठे आयुष्य आहे, असे त्या वेळी सर्वांनाच वाटले होते; परंतु १९५८ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथील शर्यतीत त्याचा अपघाती मृत्यू झाला आणि तो कधीही जगज्जेता झाला नाही. गाडी वाटून घेऊन गुण मिळविण्याची सोयही १९५८ पासून बंद झाली.

या घटनेत दोन बाबी लक्षणीय आहेत. एकाच संघातील मुस्सो आणि कॉलिन्स यांनी परस्परविरोधी निर्णय घेतले आणि दोन्ही नियमांना धरून होते. दुसरे असे की, गाडीची अदलाबदल सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली. तीत लपवण्यासारखे काही नव्हते.

फलकावरील आदेश : १९८१ आणि १९८२

१९८१ मध्ये विल्यम्स संघात अॅलन जोन्स हा अग्रचालक आणि कार्लोस रॉइटमन हा दुय्यम चालक, असे करारानेच ठरलेले होते. २९ मार्च १९८१ रोजी ब्राझीलमधील पावसाळी शर्यतीत रॉइटमन पहिला आणि जोन्स दुसरा धावत होता. जोन्सचे नाव वर आणि रॉइटमनचे खाली, असा फलक संघाने त्याला वारंवार दाखविला. रॉइटमनने तो मानला नाही आणि शर्यत जिंकली. जोन्स विजयमंचावर आला नाही. पुढे मोसमाच्या शेवटी रॉइटमनला नेल्सन पिकेकडून ५० विरुद्ध ४९ अशा अवघ्या एका गुणाने अजिंक्यपद गमवावे लागले. येथे आदेश पूर्वनिश्चित होता आणि रॉइटमनने त्यावर स्वाक्षरी केलेली होती. त्याने मोडला तो आयत्या वेळचा हुकूम नव्हे, तर स्वतःचा करार.

पुढील वर्षी सान मरिनो ग्रां प्रीमध्ये, म्हणजे २५ एप्रिल १९८२ रोजी इमोला येथे, याच्या नेमके उलट घडले. अनेक संघांनी बहिष्कार घातल्याने केवळ १४ गाड्या शर्यतीत होत्या. रेनॉच्या गाड्या बाद झाल्यावर फेरारीचे जिल विल्नव्ह आणि दिदिए पिरोनी हे दोघेच आघाडीवर राहिले. वेग कमी करण्याची सूचना देणारा फलक संघाने दाखविला. आहे तो क्रम कायम ठेवावा, असा त्याचा अर्थ विल्नव्हने घेतला; केवळ गाडी सांभाळावी, असा पिरोनीने घेतला. शेवटच्या फेरीत पिरोनीने विल्नव्हला मागे टाकून शर्यत जिंकली. यापुढे पिरोनीशी बोलणार नाही, असे विल्नव्हने जाहीर केले. त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, ८ मे १९८२ रोजी, बेल्जियममधील झोल्डर येथे पात्रता फेरीत विल्नव्हचा अपघाती मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये हॉकेनहाइम येथे पिरोनीच्या पायांना गंभीर इजा होऊन त्याची फॉर्म्युला वनमधील कारकीर्द संपली. त्या वर्षीचे अजिंक्यपद त्याने पाच गुणांनी गमावले.

विल्नव्हचा मृत्यू आणि इमोलातील वाद यांचा थेट कार्यकारणसंबंध सिद्ध करता येणार नाही. तथापि एक गोष्ट निश्चित आहे. एका शब्दाच्या फलकाचे दोन अर्थ निघू शकत होते आणि त्याचा अर्थ कोणता, हे शर्यतीपूर्वी दोघांना समोरासमोर बसवून ठरविलेले नव्हते. संदिग्ध आदेश हा आदेश नसण्यापेक्षा घातक ठरतो, हा इमोलाचा धडा होय.

बंदीचे पर्व : २००२ ते २०१०

१२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियातील शर्यतीत फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो प्रारंभापासून आघाडीवर होता. अंतिम रेषा दृष्टिपथात आल्यावर त्याने गाडी मंद केली आणि सहकारी मायकेल शूमाकरला पुढे जाऊ दिले. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. संकोचलेल्या शूमाकरने विजयमंचावरील सर्वोच्च जागी बॅरिकेलोला उभे केले. मोसमाच्या अखेरीस शूमाकरचे १४४ आणि दुसऱ्या क्रमांकावरील बॅरिकेलोचे ७७ गुण झाले. म्हणजेच तो आदेश केवळ अप्रिय नव्हे, तर अनावश्यकही होता.

आंतरराष्ट्रीय मोटारवाहन महासंघाने, म्हणजे एफआयएने, फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड केला व त्यातील निम्मा स्थगित ठेवला. मात्र हा दंड विजयमंचावरील शिष्टाचाराच्या भंगाबद्दल होता. संघादेशाला प्रतिबंध करणारा नियमच त्या वेळी अस्तित्वात नव्हता. तो २००३ च्या मोसमापासून लागू झाला : शर्यतीच्या निकालात हस्तक्षेप करणारे संघादेश निषिद्ध ठरविण्यात आले.

बंदीने आदेश थांबले नाहीत. केवळ त्यांची भाषा बदलली. २५ जुलै २०१० रोजी हॉकेनहाइम येथे फेरारीचा फेलिपे मासा आघाडीवर असताना त्याच्या अभियंत्याने रेडिओवरून, फर्नांडो अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगवान आहे, एवढेच सांगितले आणि हे समजले काय, असे विचारले. मासाने वाट दिली. बरोबर एक वर्षापूर्वी याच तारखेला हंगेरीत डोक्याला गंभीर इजा होऊन तो मृत्यूच्या दारातून परतला होता. पंचांनी फेरारीला एक लाख डॉलरचा दंड केला. सप्टेंबरमध्ये एफआयएच्या जागतिक परिषदेने त्यात वाढ केली नाही आणि डिसेंबरमध्ये हा नियमच रद्द करण्याचे ठरले. २०११ पासून संघादेश पुन्हा नियमबाह्य राहिले नाहीत. वाक्याचा हेतू सिद्ध करता येत नाही, आणि हेतू सिद्ध करता येत नसेल तर नियम अंमलात आणता येत नाही, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होती.

बंदीच्या काळातील सर्वांत गंभीर घटना मात्र याहून निराळी होती. २८ सप्टेंबर २००८ रोजी सिंगापूर येथे रेनॉ संघाच्या नेल्सन पिके कनिष्ठ याने संघाच्या सांगण्यावरून आपली गाडी मुद्दाम भिंतीवर आदळली. त्यामुळे सेफ्टी कार मार्गावर आली आणि आधीच इंधन भरून घेतलेल्या त्याच्या सहकाऱ्याला, अलोन्सोला, विजय मिळाला. पुढील वर्षी हे उघडकीस आले. त्या गोंधळातच आघाडीवरील मासाच्या गाडीचा इंधन भरण्याचा थांबा फसला आणि त्याला एकही गुण मिळाला नाही. मोसमाच्या अखेरीस मासाने लुईस हॅमिल्टनकडून एका गुणाने अजिंक्यपद गमावले. या प्रकरणी त्याने २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा दाखल केला. सहकाऱ्याला वाट देण्याचा आदेश आणि स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालण्याचा आदेश यांत मूलभूत फरक आहे. तरीही दोन्हींचा उगम एकाच ठिकाणी आहे : ज्याची नोकरी असुरक्षित आहे, त्याला नाही म्हणणे कठीण जाते.

बंदीनंतर : मलेशियापासून मोंझापर्यंत

२४ मार्च २०१३ रोजी मलेशियात एकाच शर्यतीत आज्ञाभंग आणि आज्ञापालन यांची दोन उदाहरणे घडली. रेड बुल संघाने ‘मल्टी २१’ या सांकेतिक शब्दांत, क्रमांक २ च्या मार्क वेबरने पुढे व क्रमांक १ च्या सेबास्टियन फेटेलने मागे राहावे, असे सांगितले होते. फेटेलने ते डावलून विजय मिळविला. त्याच्या मागे मर्सिडीजच्या निको रॉसबर्गला हॅमिल्टनच्या पुढे न जाण्याचा आदेश मिळाला होता. रॉसबर्गने तो पाळला आणि चौथा आला. फेटेलवर कारवाई झाली नाही. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला ग्रेटर नोएडा येथील भारतीय ग्रां प्री जिंकून त्याने सलग चौथे अजिंक्यपद निश्चित केले. वेबर मोसमाच्या शेवटी फॉर्म्युला वनमधून निवृत्त झाला. आदेश मोडणारा जगज्जेता असेल तर संघाचा अधिकार किती उरतो, हे येथे उघड झाले.

मॅक्लारेन संघाने अलीकडच्या काळात वेगळा मार्ग अनुसरला. दोन्ही चालकांना समान वागणूक, हे धोरण त्याने जाहीरपणे स्वीकारले. २१ जुलै २०२४ रोजी हंगेरीत लँडो नॉरिसला आधी पिटमध्ये बोलाविल्यामुळे तो सहकारी ऑस्कर पियास्त्रीच्या पुढे गेला. संघाच्या डावपेचातून मिळालेली ती जागा परत करावी, असे त्याला वारंवार सांगण्यात आले. बऱ्याच विलंबाने, अखेरच्या काही फेऱ्यांत, त्याने ती परत केली आणि पियास्त्रीला पहिला विजय मिळाला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी मोंझा येथे नॉरिसचा पिटमधील थांबा लांबला. तेव्हा पियास्त्रीने दुसरे स्थान त्याला परत दिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानांत तीन गुणांचे अंतर असते. मोसमाच्या अखेरीस नॉरिस ४२३, मॅक्स वेर्स्टापेन ४२१ आणि पियास्त्री ४१० अशी गुणसंख्या झाली. केवळ अंकगणिताने पाहिले तर मोंझाचे तीन गुण वजा करताच नॉरिस जगज्जेता राहत नाही. १९५६ मध्ये कॉलिन्सने ज्या मोंझावर स्वतःची गाडी दिली, तेथेच ६९ वर्षांनंतर एका सहकाऱ्याने दिलेली जागा अजिंक्यपदाच्या हिशेबात निर्णायक ठरली.

भारतीय संदर्भ आणि मुंबईचा दुवा

२००८ पासून फोर्स इंडिया हा संघ भारतीय परवान्यावर फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्याचा कारखाना इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे होता आणि साधने मोठ्या संघांच्या तुलनेत मर्यादित होती. २०१७ मध्ये सर्जिओ पेरेझ आणि एस्तेबान ओकॉन या त्याच्या चालकांना परस्परांशी मोकळेपणाने स्पर्धा करण्याची मुभा होती. कॅनडात अधिक वेगवान असलेल्या ओकॉनला पेरेझने वाट दिली नाही. दोघे अनुक्रमे पाचवे व सहावे आले. बाकू येथे आघाडीच्या अनेक गाड्यांना अडथळे आले आणि विजयमंच आवाक्यात आला असता दोघे एकमेकांवर आदळले. पेरेझला शर्यत सोडावी लागली, ओकॉन सहावा आला आणि विल्यम्सच्या १८ वर्षीय लान्स स्ट्रोलने तिसरे स्थान पटकावले. २७ ऑगस्टला बेल्जियममध्ये त्यांच्यात एकाच शर्यतीत दोनदा टक्कर झाली. त्यानंतर संघाने मोकळीक काढून घेतली आणि आदेश लागू केले.

संघाने त्या वर्षी १८७ गुणांसह चौथे स्थान राखले. परंतु जुलै २०१८ मध्ये आर्थिक अडचणींमुळे तो न्यायालयनियुक्त प्रशासकाच्या हाती गेला आणि ऑगस्टमध्ये त्याची मालकी बदलली. फॉर्म्युला वनमध्ये बक्षिसाची रक्कम संघांच्या क्रमवारीनुसार वाटली जाते. त्यामुळे लहान संघाच्या बाबतीत हुकलेला गुण हा केवळ प्रतिष्ठेचा नव्हे, तर कामगारांच्या पगाराचाही प्रश्न असतो. आदेशाच्या विरोधात बोलताना ही बाजू सहसा दुर्लक्षिली जाते.

याच फोर्स इंडियाने २०११ मध्ये घेतलेल्या प्रतिभाशोध मोहिमेतून मुंबईचा जेहान दारूवाला पुढे आला. २०१९ च्या फॉर्म्युला थ्री अजिंक्यपदात प्रेमा संघाच्या तीन चालकांनी पहिली तीनही स्थाने मिळविली. त्यांत मार्कस आर्मस्ट्राँगचे १५८ आणि दारूवालाचे १५७ गुण होते. २०२० मध्ये फॉर्म्युला टूमधील कार्लिन संघात दारूवाला आणि जपानचा युकी त्सुनोदा एकत्र आले. दोघेही रेड बुलच्या युवा चालक योजनेतील होते. त्सुनोदा २०० गुणांसह तिसरा आणि दारूवाला ७२ गुणांसह बारावा आला. त्सुनोदा २०२१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. दारूवालाला ती संधी मिळाली नाही आणि २०२३ च्या अखेरीस तो विद्युत गाड्यांच्या फॉर्म्युला ई शर्यतींकडे वळला. येथे कोणी कोणाला वाट देण्याचा आदेश दिला नव्हता. सारख्या गाडीतील सहकाऱ्याशी होणारी तुलना हीच आदेशाइतकी निर्णायक असते, हे यावरून स्पष्ट होते.

भारतातील पहिली फॉर्म्युला ई शर्यत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबाद येथे झाली. जॅग्वार ही कंपनी २००८ मध्ये मुंबईस्थित टाटा मोटर्सच्या मालकीची झाली होती; साहजिकच या संघाकडे भारतीयांचे लक्ष होते. मिच एव्हान्स पहिल्या स्थानावरून निघाला. मात्र शर्यत ऐन भरात असताना एका तीव्र वळणावर सहकारी सॅम बर्डची गाडी नियंत्रण सुटून त्याच्यावर आदळली आणि दोघेही बाद झाले. मालकाच्या मायदेशात संघाच्या दोन्ही गाड्यांची शर्यत अपूर्ण राहिली. मोसमाच्या अखेरीस जॅग्वारचे २९२ आणि विजेत्या एनव्हिजन संघाचे ३०४ गुण झाले. विशेष म्हणजे एनव्हिजनच्या गाड्यांना चालक-यंत्रणा जॅग्वारनेच पुरविली होती. बर्डची चूक जाणूनबुजून नव्हती; परंतु बारा गुणांचे अंतर पाहता तिची किंमत लक्षात येते.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन रेसिंग लीगमध्ये हैदराबाद, चेन्नई आदी शहरांच्या संघांबरोबर बांद्याच्या शेजारच्या राज्याचे नाव घेतलेला ‘गोवा एसेस’ हा संघही उतरला. शहराच्या वा प्रदेशाच्या नावाने संघ उभे राहू लागले की, चालकाचा विजय आणि संघाचा विजय यांतील प्रश्न येथील प्रेक्षकांनाही अपरिहार्यपणे भेडसावणार आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, संघादेश हे खेळात बाहेरून शिरलेले वैगुण्य नसून दोन अजिंक्यपदांच्या रचनेचा परिणाम आहे. म्हणूनच २००३ ते २०१० ही आठ वर्षांची बंदी निष्फळ ठरली. दुसरा, बंदीने आदेशाऐवजी आदेशाच्या स्पष्ट उच्चारावर निर्बंध आला आणि प्रामाणिकपणाची हानी झाली. तिसरा, आदेश पूर्णपणे टाळणे हाही निर्दोष पर्याय नाही. फोर्स इंडियाच्या २०१७ च्या मोसमाने ते दाखवून दिले. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, आदेशाची न्याय्यता तीन कसोट्यांवर तपासता येते : तो शर्यतीपूर्वी ठरलेला होता काय, दोन्ही चालकांना तो सारखाच लागू होता काय आणि तो प्रेक्षकांसमोर उघडपणे मांडला गेला काय.

१९८१ चा करार पहिल्या कसोटीला उतरतो, दुसऱ्या कसोटीला उतरत नाही. इमोलाचा फलक उघड होता, पण त्याचा अर्थ आधी ठरलेला नव्हता. ऑस्ट्रियातील आदेश सर्वांना दिसला, परंतु त्याचा लाभ एकाच बाजूने होता. हॉकेनहाइमला उघडपणाही नव्हता आणि सिंगापूरला तर तिन्ही कसोट्यांचा अभाव होता. हंगेरी आणि मोंझा येथील मॅक्लारेनचे निर्णय या तिन्ही कसोट्यांच्या बरेच जवळ जातात. तरीही त्यांवर वाद झालाच. त्याचे कारण असे की, नियम कितीही न्याय्य असला तरी त्याची किंमत अखेर एका व्यक्तीला मोजावी लागते. कॉलिन्स, बॅरिकेलो, मासा, रॉसबर्ग आणि पियास्त्री यांनी सोडलेली स्थाने निकालपत्रकात दिसत नाहीत. तेथे फक्त विजेत्याचे नाव राहते. संघाच्या यशाचा इतिहास लिहिताना त्या सोडलेल्या स्थानांचीही नोंद होणे आवश्यक आहे.